पेंट बूथ: दुरुस्त करावा की बदलावा?

विषय वाचून काही वाचकांना वाटेल, डॉक्टरांनी दवाखाना बंद करून गॅरेज काढले की काय! तसे काही नाही. परंतु अलीकडे टिपरची बॉडी बांधणाऱ्या एका व्यावसायिकाने दवाखान्यात बसल्या बसल्या मला विचारले, "डॉक्टरसाहेब, आमचा पेंट बूथ पंधरा वर्षांचा झाला. मिस्त्री म्हणते, पंखा बांधून घेऊ, आणखी पाच वर्षं निघून जातील. कंपनीचा माणूस म्हणते, भंगारात द्या, नवा घ्या. तुम्ही काय म्हणता?" हा प्रश्न इंजिनियरला सोडून माझ्याकडे येण्याचे कारण शेजारच्या स्टुलावर बसले होते. त्यांचा पस्तिशीतला पेंटर खोकत होता आणि त्याला दाखवायलाच ते आले होते.

आपल्या भागात हा प्रश्न एकट्यादुकट्याचा नाही. कोळशाच्या खाणींमुळे चंद्रपूर, घुग्घुस, भद्रावती, वरोरा, राजुरा या पट्ट्यात टिपर, डंपर, ट्रेलर यांचे डेंटिंग-पेंटिंग बाराही महिने चालते. गडचिरोली जिल्ह्यात सूरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक वाढल्यापासून आलापल्ली-आष्टी रस्त्यावरच्या गाड्यांची त्यात भर पडली आहे. बल्लारपूरच्या सागाचे फर्निचर करणारेही आता कापडाच्या बोळ्याने पॉलिश घासण्याऐवजी गनने पीयू पॉलिश मारतात. म्हणजे आजचा लेख मोठ्या कारखान्यांपुरता नाही. ज्याच्याकडे कॉम्प्रेसर, गन आणि भिंतीत बसवलेला एक एक्झॉस्ट पंखा आहे, त्या प्रत्येकाने तो वाचावा. पेंटरच्या घरच्यांनी तर जरूर वाचावा.

ज्यांनी बूथ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बूथ म्हणजे पत्र्याची बंद केबिन. एका बाजूने गाळलेली हवा आत येते, दुसऱ्या बाजूने पंखा ती फिल्टरमधून खेचून धुराड्यावाटे बाहेर फेकतो. मालक बूथ घेतो तो ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून. पेंटरच्या दृष्टीने त्याचे काम वेगळे आहे. गनमधून निघालेल्या रंगाचा बराच भाग गाडीवर न बसता हवेत तरंगतो. तो पेंटरच्या नाकासमोरून उचलून नेणे हे ते काम. पहिले काम बिघडले तर त्याच दिवशी दिसते, रंगावर दाणे येतात, गिऱ्हाईक ओरडते. दुसरे बिघडले तर वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून बूथचे वय गंजावरून किंवा बिलावरून ठरवू नका, हवेवरून ठरवा, असे माझे मत आहे. पंधरा वर्षांचा बूथ उत्तम हवा खेचत असेल तर तो तरुण आहे, आणि दोन वर्षांचा खेचत नसेल तर तो निकामी आहे.

हवेला एवढे महत्त्व का, हे समजायला रंगात काय बदल झाला ते पाहावे लागेल. पूर्वी ट्रकला साधे इनॅमल किंवा ड्युको मारत. आता चकाकी टिकावी, डिझेलने रंग उतरू नये म्हणून टू-के पीयू मारतात. त्यात दोन डबे असतात, रंग आणि हार्डनर. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट जातीचे रसायन असते. हे नाव ऐकले की १९८४ चे भोपाळ आठवते. तिथला वायू याच कुळातला, पण फार लवकर वाफ होणारा होता. हार्डनरमधले रसायन तसे सहज उडत नाही आणि त्यातच फसगत होते. ब्रशने लावले तर ते हवेत फारसे जात नाही, पण गनने मारले की त्याचे बारीक धुके होते आणि श्वासाबरोबर थेट छातीत उतरते.

लावण्याची पद्धत बदलली की तोच माल किती वेगळा वागतो, याचे एक दुःखद उदाहरण स्पेनमधले आहे. तिथल्या आल्कॉय परिसरात कापडावर छपाईचा रंग गनने फवारण्याचे छोटे कारखाने होते. हवा खेचून घेण्याची सोय जेमतेम. १९९२ मध्ये तिथल्या कामगारांना फुप्फुसाचा गंभीर आजार झाला आणि ६ जण दगावले. तो रंग आयसोसायनेटचा नव्हता. अंगाला लागून विशेष अपाय न करणाऱ्या मालाची धुक्याच्या रूपात फुप्फुसाशी गाठ पडली आणि अनर्थ झाला. आपल्याकडेही बूथ जुनाच राहतो, त्यात मारायचा माल मात्र बदलतो. "बूथ तर तोच आहे" हे म्हणूनच समाधानाचे कारण होऊ शकत नाही.

आता पेंटरच्या छातीकडे वळू. आयसोसायनेटमुळे होणारा दमा साध्या दम्यासारखाच दिसतो, पण त्याच्या वेळा चमत्कारिक असतात. पुष्कळदा तो काम करताना येत नाही. दुपारी गन मारली की रात्री, चार ते आठ तासांनी, छाती आवळते, खोकला सुटतो, झोप मोडते. पेंटर येऊन सांगतो, "रात्रीच दम लागते जी, कामावर काहीच होत नाही." त्यामुळे दोष जातो थंडीला, दह्याला, पंख्याखाली झोपण्याला. मी अशा माणसाला एकच प्रश्न विचारतो, सुटीत कसे वाटते? पोळ्याला गावी चार दिवस गेला, दिवाळीत आठ दिवस गॅरेज बंद होते, तेव्हा औषध न घेता बरे वाटले आणि कामावर परतताच दोन-तीन दिवसांत पुन्हा सुरू झाले, तर संशय कामावरच घ्यावा. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा खात्याने वाहने रंगवणाऱ्या गनवाल्यांना दम्याचा धोका तिथल्या सरासरी कामगारापेक्षा सुमारे ८० पट असल्याचे सांगितले आहे.

एकदा शरीराने या रसायनाशी वैर धरले की मग अगदी थोडी मात्राही पुरते. शेजारच्या खोलीत कोणी गन मारली तरी दम उठतो. अशा पेंटरसाठी बूथ दुरुस्त केला काय आणि नवा कोरा आणला काय, फरक पडत नाही. त्याला हार्डनरच्या कामातून कायमचे बाहेर यावे लागते, आणि जितक्या लवकर तो बाहेर येईल तितकी छाती सुधारण्याची आशा जास्त. इनहेलर घेत घेत तेच काम रेटत राहिल्यास दमा मुरतो. वीस वर्षे हात बसलेल्या कारागिराला हे सांगणे किती जड जाते, ते सांगणाऱ्यालाच माहीत. बूथचा निर्णय लांबणीवर टाकू नये असे मी म्हणतो ते यासाठी.

वासावर भरवसा ठेवू नये. "आता वास येत नाही म्हणजे हवा साफ झाली" असे सगळेच समजतात. जो उग्र वास येतो तो थिनरचा. आयसोसायनेट मात्र वास येण्याआधीच अपायकारक मात्रेला पोहोचलेले असते. अर्थात थिनरही निरुपद्रवी नाही. त्यातल्या टोल्युइन, झायलिनने डोके जड होते, चक्कर येते, चिडचिड वाढते आणि वर्षानुवर्षे घेतल्यास मेंदू व ऐकण्याची शक्ती यांवर परिणाम होतो. पिवळ्या, नारिंगी औद्योगिक रंगांत शिसे असू शकते. घरगुती व सजावटीच्या रंगांवर १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम शिशाची मर्यादा आली, पण तो नियम औद्योगिक रंगांसाठी केलेला नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तर पेंटरचा व्यवसायच कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पहिल्या गटात १९८९ मध्येच घातला आहे.

मग बूथची हवा तपासायची कशी? रुग्णाची नाडी बघावी तशा काही साध्या गोष्टी आहेत.

सर्वांत बोलकी चाचणी म्हणजे धुके निवळायला किती वेळ लागतो ते मोजणे. ब्रिटनमध्ये बूथमध्ये धूर सोडून ही वेळ मोजतात. आपल्याकडे लग्नाच्या स्टेजवर धूर सोडणारे जे यंत्र भाड्याने मिळते, ते चालते. बूथ पूर्ण रिकामा करा. आत रंग, थिनर, ओली गाडी काही नको, कारण त्या यंत्रात तापणारा भाग असतो. अगरबत्ती, कापूर असले प्रयोग तर कधीच करू नका. बूथ धुराने भरा, यंत्र बाहेर काढा, पंखा सुरू करा आणि घड्याळ लावा. काचेतून टॉर्चचा झोत आडवा टाकून बघत राहा, कारण शेवटचे विरळ धुके साध्या उजेडात दिसत नाही. चांगला बंद बूथ साधारण ५ मिनिटांच्या आत साफ होतो. नुसती खोली आणि भिंतीतला पंखा असेल तर २० मिनिटेही लागतात. जी वेळ येईल ती बूथच्या दारावर मोठ्या अक्षरांत रंगवून ठेवा. पेंटरची एक सवय असते, गन थांबली की लगेच मास्क वर करून तो चकाकी बघतो. नेमक्या त्याच क्षणी हवेत धुके दाट असते. ही वेळ दारावर लिहिलेली असेल तर त्या सवयीला थोडा तरी लगाम बसेल.

याच चाचणीत दुसरीही गोष्ट दिसते. पंखा चालू असताना दाराच्या फटीतून धूर बाहेर येतो का? येत असेल तर तो शेजारी घासकाम करणाऱ्या पोराच्या छातीत जाणार, आणि त्याच्या तोंडावर बहुधा दुपट्ट्याशिवाय काही नसते.

पुढची गोष्ट हवेच्या वेगाची. समोरून उघड्या, मोठ्या बूथमध्ये हवा मिनिटाला सुमारे १०० फूट वेगाने जावी, असा जुना अमेरिकी दंडक आहे. हिशेब सोपा आहे. बूथचे तोंड १० फूट रुंद आणि ८ फूट उंच असेल तर ८० चौरस फूट झाले. त्याला १०० ने गुणा. म्हणजे पंख्याने मिनिटाला ८,००० घनफूट हवा खेचली पाहिजे. वेग मोजण्याचे छोटे यंत्र काही हजारांत मिळते. चार गॅरेजवाल्यांनी मिळून एक घेतले तरी पुरते. पंख्याच्या प्लेटवर लिहिलेला आकडा मात्र नवा पंखा, नवे फिल्टर असतानाचा असतो, त्यावर विसंबू नका.

शिवाय फिल्टरवर मॅनोमीटर नावाचे दाबमापक लावून घ्या. रक्तदाबाच्या जुन्या पाऱ्याच्या यंत्राचा हा धाकटा भाऊ समजा. नवा फिल्टर बसवल्या दिवशी काटा कुठे आहे ती खूण करा. फिल्टर रंगाने भरत जातो तसा काटा चढतो. उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेला पोहोचला की फिल्टर बदला. काटा नव्या फिल्टरच्या खुणेच्याही खाली गेला तर खूश होऊ नका. एक तर फिल्टर फाटला आहे किंवा पंख्याने जीव सोडला आहे.

चंद्रपूरकरांना यात एक जास्तीची अडचण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. कोळशाच्या धुळीने भरलेली हवा बूथचे आत येणारे फिल्टर पुण्यापेक्षा लवकर भरते. तिकडच्या कंपनीने दिलेले वेळापत्रक इथे चालेलच असे नाही. दुसरे म्हणजे उन्हाळा. पारा ४५ च्या वर गेला की शटर पाडून, खिडक्यांना ताट्या लावून काम चालते. पण ८,००० घनफूट हवा बाहेर जायची तर तेवढी आत यायला नको का? वाट बंद केली की पंखा नुसता गुरगुरतो. अशा वेळी पंखा बिघडला म्हणून मिस्त्रीला बोलावण्याआधी शटर वर करून पाहावे.

या तपासणीत बूथ कमी पडला तरी घाबरून नवा घेण्याचे कारण नाही. पुष्कळ दोष किरकोळ असतात. पट्टा सैल झालेला असतो. पंख्याच्या पात्यांवर रंगाचा थर चढलेला असतो. दाराचे रबर गेलेले असते, धुराड्याला भोके पडलेली असतात, बेअरिंग वाजत असते. ही सगळी दुरुस्तीची कामे आहेत आणि ती केल्यावर जुना बूथ कधी कधी आश्चर्य वाटावे इतका सुधारतो. खरवडून काढलेला रंग आणि भरलेले फिल्टर मात्र कोपऱ्यात ढीग करून ठेवू नका. तेलकट रंगाचा असा ढीग आपोआप तापून पेट घेऊ शकतो. पाण्याच्या ड्रममध्ये बुडवून ठेवा आणि नीट विल्हेवाट लावा.

एका दुरुस्तीपासून दूर राहावे. ती म्हणजे पुली बदलून पंखा जोरात फिरवणे. पंख्याचा वेग दहा टक्क्यांनी वाढवला तर मोटारीवरचा भार जवळजवळ एक तृतीयांशाने वाढतो. मोटार तापते, जळते. आणि जिथे थिनरची वाफ खेळते आहे तिथे मोटार जळणे म्हणजे काय, हे सांगायला नको.

बदलण्याची वेळ कधी येते? सगळी डागडुजी करून, नवे फिल्टर घालूनही हवेचा वेग येत नसेल तर पंखा मुळातच लहान आहे. ट्रॅक्टरसाठी घेतलेल्या बूथमध्ये आज टिपर उभा करून दार उघडे ठेवावे लागत असेल, तर तो बूथ राहिलाच नाही, तो मांडव झाला. साधी मोटार थेट वाफेच्या वाटेत बसवलेली असेल, दिवे सीलबंद नसतील, भिंतीच्या दोन पत्र्यांमध्ये थर्माकोल भरलेला असेल तर आगीच्या दृष्टीने तो जुगार आहे. पत्रा गंजून आरपार गेला असेल तर ठिगळे लावण्यात अर्थ नाही. आणि धुराडे शेजारच्या घराच्या खिडकीकडे किंवा अंगणवाडीकडे तोंड करून असेल, तर आधी ते उंच करा, बाकीचे नंतर.

बाजारात एक ढोबळ हिशेब सांगतात, दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला की नवे घ्यावे. हिशेब वाईट नाही, पण अपुरा आहे. त्यात दाणे आल्याने दुसऱ्यांदा मारलेल्या रंगाची किंमत नसते, वर्षभराचे विजेचे बिल नसते, पेंटरचे बुडालेले दिवस तर नसतातच. मला मधला मार्ग पुष्कळदा पटतो. केबिनचा सांगाडा धड असेल तर तो ठेवावा आणि पंखा, ज्वालारोधक मोटार, दिवे आणि फिल्टरची चौकट तेवढी नवी घ्यावी. दुसऱ्याचा वापरलेला बूथ स्वस्तात मिळतो म्हणून उचलून आणणाऱ्यांनी मात्र तो तिथे चालू अवस्थेत, धुराची चाचणी करूनच घ्यावा. उकलून ट्रकवर चढवलेल्या बूथमध्ये नुसता पत्रा दिसतो, त्याची हवा कळत नाही.

बूथ कितीही चांगला असो, आत उभ्या पेंटरचा मास्क सुटत नाही. दुपट्टा, कापडी मास्क, कोरोनाच्या काळातला एन-९५, यांपैकी काहीही वाफेला अडवत नाही. कोळशाच्या डबीचा मास्क थिनरला चालतो, पण ती डबी कधी संपली हे हार्डनरच्या बाबतीत वासावरून कळत नाही. टू-के कामाला नळीने ताजी हवा पुरवणारा मास्कच योग्य. त्यालाही पथ्य आहे. कॉम्प्रेसरची हवा तेलकट नसावी, आणि त्याचे हवा घेण्याचे तोंड डिझेल जनरेटरजवळ नसावे, नाही तर नळीतून कार्बन मोनॉक्साइड यायचा. उन्हाळ्यात मास्क नको वाटतो, तर गन मारण्याचे काम पहाटे घ्यावे. हात थिनरने धुण्याची सवयही सोडा. हार्डनर कातडीवाटेही शरीराला त्रास देण्याची सुरुवात करू शकतो.

पेंटरची तपासणी महाग नाही. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायला मोठे यंत्र लागत नाही, गावातल्या माणसाने श्वास नीट मोजले तरी जीव वाचतात, हे गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेतील डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कामाने १९९० मध्येच जगासमोर आणले. तीच दृष्टी इथे ठेवावी. पीक फ्लो मीटर नावाची फुंकायची नळी औषधाच्या दुकानात मागवून मिळते. पेंटरने ती दिवसातून चार वेळा फुंकून आकडे वहीत लिहावेत. असे तीन-चार आठवडे करावे आणि त्यात कामाचे व सुटीचे दोन्ही दिवस यावेत. सुटीत आकडा चढतो आणि कामावर घसरतो असे दिसले, तर ती वही छातीच्या डॉक्टरांना दाखवावी. नव्याने कामाला लागलेल्या पोराची पहिली फुंक तर कामाच्या पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी. पुढे तुलनेला तीच उपयोगी पडते.

मालकांना एक सांगणे. आयसोसायनेटची विषबाधा हा आजार १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात, सरकारला कळवण्याच्या आजारांत घातलेला होता आणि तो कळवण्याची जबाबदारी डॉक्टरवरही होती. त्यामुळे पेंटरला परस्पर सुटी देऊन, दुसरा पोरगा गनवर उभा करून प्रश्न मिटतो असे समजू नये.

आणि पेंटरने दवाखान्यात येताना हार्डनरच्या डब्यावरचे लेबल सोबत आणावे, किंवा मोबाइलवर त्याचा फोटो काढून आणावा. "कोणता रंग मारतोस?" या प्रश्नाला "पांढरा" असे उत्तर आले, तर डॉक्टरला त्यातून काही कळत नाही.